स्टीमवरचा गेम आणि गॉगवरचा गेम: पावती हातात की पोतं घरात

सांगलीच्या विश्रामबागेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यात अकरावीतला एक मुलगा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बदलून घ्यायला आला होता. मी मशिन उघडून ब्लोअर मारत होतो, तेवढ्यात त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. एका टॅबमध्ये स्टीम, दुसऱ्यात गॉग, ही दोन्ही पीसी गेमची ऑनलाइन दुकानं, आणि दोन्हीकडे ‘द विचर 3’ हा गेम.

“काका, गेम तोच हाय, बनवणारी कंपनी बी तीच हाय. मग जिथं स्वस्त मिळतोय तिथनंच घ्यायचा न्हवं?”

गिऱ्हाईक उभं होतं म्हणून मी त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं. पण प्रश्न दोन वाक्यांचा नाही. पॉकेटमनी साठवून पहिला गेम विकत घेणारी पोरं माझ्याकडे दर आठवड्याला येतात आणि जवळजवळ प्रत्येकाला असं वाटतं, की दुकान कुठलंही असो, माल एकच. गेम एकच असतो हे खरं. पण विकत घेतल्यावर हातात काय पडतं, ते दोन्हीकडे सारखं नाही.

स्टीम हे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं. 12 सप्टेंबर 2003 ला ते सुरू झालं ते मुळात व्हॉल्व्हच्या स्वतःच्या गेमना अपडेट पोचवण्यासाठी. 2004 मध्ये ‘हाफ-लाइफ 2’ आला, तेव्हा डिस्क दुकानातून आणली तरी गेम चालू करायला स्टीमचं खातं लागायचं. तेव्हा लोकांना ते अजिबात रुचलं नव्हतं. आज तेच पीसी गेमचं सगळ्यात मोठं दुकान आहे.

गॉगची सुरुवात पोलंडमधली. सीडी प्रोजेक्ट ही कंपनी 1994 मध्ये निघाली, तेव्हा तिथल्या बाजारात कॉपी केलेल्या डिस्कचा सुळसुळाट होता. आपल्याकडेही तेच होतं, शंभरफुटीवरच्या कॅफेत बसून मोठी झालेली माझ्या वयाची माणसं ते जाणतात. चोरीची डिस्क स्वस्तात मिळत असताना माणसाने पैसे देऊन खरी का घ्यावी, याचं उत्तर त्या लोकांना रोज शोधावं लागत होतं. त्यांनी काढलेलं उत्तर असं, की खरी वस्तू घेणाऱ्याला चोरीच्या वस्तूपेक्षा कमी त्रास झाला पाहिजे. 2008 मध्ये त्यांनी ‘गुड ओल्ड गेम्स’ नावाचं दुकान काढलं. जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे नीट करायचे आणि कुठलंही कुलूप, म्हणजे कॉपी अडवणारी सोय, न लावता विकायचे. त्याच नावाची आद्याक्षरं म्हणजे आजचं गॉग. पुढे नवे गेमही आले, पण कुलूप न लावण्याचा नियम तसाच राहिला.

आता खरेदी केल्यावर नेमकं काय घडतं ते बघू.

स्टीमवर पैसे भरले की तुमच्या खात्यात त्या गेमची नोंद होते. मग स्टीमचं ॲप तो गेम उतरवून ‘स्टीमॲप्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. बरेचसे गेम सुरू होताना आधी विचारतात, स्टीम चालू आहे का, आणि हे खातं या गेमचं हक्कदार आहे का. हो उत्तर मिळालं की मगच पडदा उघडतो. म्हणजे तो फोल्डर पेनड्राइव्हवर घालून मित्राच्या मशिनवर नेला, तर बहुतेक वेळा गेम चालत नाही. काही गेम स्टीमवरचे असूनही असं विचारत नाहीत, कारण कुलूप लावायचं की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. पण विकत घेण्याआधी हे कळण्याची सोपी सोय नाही. डेन्यूव्होसारखं बाहेरच्या कंपनीचं कुलूप असेल तर मात्र गेमच्या पानावर उजवीकडच्या चौकटीत तसं लिहिलेलं असतं. ती चौकट वाचायची सवय लावा.

गॉगवर दोन वाटा आहेत. गॅलेक्सी नावाचं त्यांचं ॲप आहे, ते स्टीमसारखंच चालतं आणि हवं असेल तरच वापरायचं. दुसरी वाट म्हणजे ऑफलाइन इन्स्टॉलर, आणि माझ्या मते गॉगचं सगळं मोल या वाटेत आहे. वेबसाइटवर आपल्या खात्यात गेलं की गेमखाली फाइलींची यादी दिसते. सेटअपची एक छोटी फाइल, आणि गेम मोठा असेल तर तिच्याबरोबर साधारण 4 जीबीचे ‘बिन’ तुकडे. फॅट32 पद्धतीच्या पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, म्हणून हे तुकडे सोयीचे पडतात. सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवायचे. एक जरी राहिला तरी इन्स्टॉल मध्येच अडतं आणि पुढची डिस्क मागितल्यासारखी खिडकी येते. तशा खिडक्या घेऊन पोरं माझ्याकडे येतात, आणि बहुतेक वेळा शेवटचा तुकडा अर्धवट उतरलेला असतो. फाइलींचे आकार यादीशी ताडून बघितले की लगेच सापडतो. एकदा सगळं नीट उतरलं की पुढे नेट नको, ॲप नको, लॉगिन नको.

सांगलीकराला हे पेवाच्या उदाहरणाने चटकन समजेल. हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारांमध्ये, हळद ठेवायची जुनी पद्धत होती. हळद जमिनीखाली, तुमच्या हातात पावती, आणि हवी तेव्हा पावती दाखवून माल काढायचा. स्टीमची खरेदी ही त्या पावतीच्या जातीची आहे. गॉगच्या इन्स्टॉलरने हळदीचं पोतं उचलून घरी आणता येतं. मात्र पेवातली हळद शेतकऱ्याच्या मालकीचीच असायची. इथे कायद्याच्या भाषेत दोन्ही दुकानं तुम्हाला परवानाच देतात, गेमची मालकी देत नाहीत. गॉगच्या करारातही परवानाच लिहिला आहे. फरक कागदावर थोडा आणि व्यवहारात मोठा आहे: घरात आलेलं पोतं पेववाला काढून नेऊ शकत नाही.

स्टीमही हे आता लपवत नाही. ऑक्टोबर 2024 पासून पैसे भरण्याच्या पानावर स्पष्ट लिहून येतं, की तुम्ही परवाना घेत आहात. कॅलिफोर्नियाने कायदाच केला, डिजिटल वस्तूचा फक्त परवाना देत असाल तर ‘विकत घ्या’ म्हणताना ते गिऱ्हाइकाला नीट सांगा; 1 जानेवारी 2025 पासून तो लागू झाला. याची गरज का पडली हे ‘द क्रू’ नावाच्या रेसिंग गेमवरून कळतं. 2014 चा हा गेम एकट्याने खेळायचा असला तरी सर्व्हरला जोडलेला असावा लागायचा. 2024 च्या मार्चअखेर युबिसॉफ्ट कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम बंद पडला.

2019 च्या ऑगस्टमध्ये मला या दोन्ही बाजू एकदम दिसल्या. कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. माणसं वेळेवर मिरजेला बहिणीकडे पोचली, कॉम्प्युटर मात्र राहिला. त्याच्याशेजारी टेबलाच्या खणात माझी एक्स्टर्नल हार्ड डिस्क होती आणि तिच्यात गॉगचे सगळे इन्स्टॉलर. पाणी ओसरल्यावर खण उघडला तर आत बोटभर गाळ. डिस्क गेली. म्हणजे पोतं घरात ठेवलं, आणि घरच बुडालं.

नवीन मशिन बांधल्यावर स्टीममध्ये लॉगिन केलं, सगळे गेम जिथल्या तिथे. क्लाउडवर जपून ठेवलेले माझे सेव्ह, म्हणजे गेम कुठवर खेळलो त्याच्या नोंदीसुद्धा परत आल्या. त्या दिवशी पावतीची किंमत मला कळली. गॉगच्या खात्यातही खरेदीची नोंद असतेच, त्यामुळे तिथले इन्स्टॉलरही पुन्हा उतरवता आले. फक्त दहा-पंधरा दिवस लागले, कारण नेट नुकतंच कुठे सुरू होत होतं.

पण त्याच पुरात, मिरजेत, माझ्या भाच्याने फॉरमॅट केलेला एक लॅपटॉप पुढ्यात ओढला. नेट बंद होतं. नव्याने फॉरमॅट केलेल्या मशिनवर नेटशिवाय स्टीममध्ये शिरता येत नाही. ऑफलाइन मोड आहे, पण त्या मशिनवर आधी लॉगिन झालेलं असावं लागतं. भाच्याच्या दप्तरात मीच दिलेला एक पेनड्राइव्ह होता, त्यात गॉगचा एक जुना गेम. दहा मिनिटांत तो बसला. पुढचे चार दिवस घरातली पाच पोरं त्या एका लॅपटॉपभोवती होती, आणि बहिणीला आम्हा सगळ्यांचा स्वयंपाक करायला उसंत मिळाली.

आता सोयींचं बोलायचं, तर स्टीम कितीतरी पुढे आहे, आणि हे सांगताना मला काही हातचं राखून ठेवायचं नाही. 2015 पासून तिथे किमती रुपयांत दिसतात. वर्कशॉप आहे, जिथे खेळणाऱ्यांनी केलेले मॉड, म्हणजे गेममधले बदल आणि भर, एका क्लिकवर गेममध्ये येतात. कंट्रोलर कुठलाही लावा, बहुधा चालतो. स्टीम फॅमिलीजमध्ये एका घरातली 6 जणं आपापले गेम एकत्र ठेवू शकतात. थोरला एक खेळत असताना धाकटा त्याच्याच यादीतला दुसरा खेळू शकतो. तोच गेम दोघांना एकाच वेळी हवा असेल तर मात्र दोन प्रती लागतात. आणि धाकट्याने तुमच्या प्रतीवर चीटिंग करून बंदी ओढवून घेतली, तर ती बंदी तुमच्यावरही येते. हे पालकांना मी आवर्जून सांगतो. आणखी एक सोय आपल्याकडे फार उपयोगाची आहे: 2023 पासून घरातल्या एका मशिनवर असलेला गेम दुसऱ्या मशिनवर घरच्याच राउटरवरून घेता येतो. 80 जीबी पुन्हा उतरवावे लागत नाहीत.

गॉगवर गेमांची संख्या कमी. मोठे नवे गेम पुष्कळदा तिथे येतच नाहीत, कारण कुलुपाशिवाय विकायला कंपन्या तयार नसतात. काही छोटे स्टुडिओ अपडेट आधी स्टीमवर देतात आणि गॉगवर मागाहून. मी घेतला तेव्हा किंमत डॉलरमध्ये होती. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागले आणि बँकेने परकीय चलनाचं शुल्क वेगळं लावलं. तेव्हा आकडा बघून ‘स्वस्त’ म्हणण्याआधी हे शुल्क त्यात धरा.

पैसे परत मिळण्यात गॉग उदार आहे. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच परतावा मागता येतो. गॉगवर 30 दिवस, गेम उतरवून खेळलेला असला तरीही. विश्वासाचा गैरफायदा घेऊ नका एवढीच त्यांची विनंती आहे. ज्याच्या मशिनवर गेम नीट चालेल की नाही याची खात्री नाही, त्याला हा 30 दिवसांचा अवधी खूप मोठा आहे. रोज तासभर खेळणारा मुलगा स्टीमची मर्यादा दोन दिवसांत ओलांडतो, आणि चौथ्या पातळीवर गेम अडकायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

जुनं मशिन असेल तर आणखी एक गोष्ट बघा. 1 जानेवारी 2024 पासून स्टीमने विंडोज 7 आणि 8 चा आधार काढून घेतला. माझ्याकडे तासगाव, कवठेमहांकाळकडून अजूनही विंडोज 7 ची मशिनं येतात. ज्या जुन्या गेमला विंडोज 7 पुरतं, तो ऑफलाइन इन्स्टॉलरने तिथे निवांत बसतो, कारण मध्ये ॲपच नाही.

एपिक गेम्स स्टोअरचं काय, असं पोरं विचारतात. डिसेंबर 2018 मध्ये ते आलं. गेम बनवणाऱ्याकडून त्यांनी 12 टक्केच घ्यायला सुरुवात केली, स्टीमचा नेहमीचा वाटा 30 टक्के. खेळणाऱ्याला मिळतात ते फुकटचे गेम. 2020 च्या मे महिन्यात ‘जीटीए 5’ फुकट दिला तेव्हा त्यांची साइटच कोलमडली होती. फुकटचं जरूर घ्या. पण खरेदीच्या जातीने बघितलं तर एपिकही पावतीवालंच दुकान आहे, परताव्याचा नियमही 14 दिवस आणि 2 तासांचाच.

मग त्या मुलाला मी काय सांगितलं? मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा गेम असेल, मॉड हवे असतील, तर स्टीम. तिथे सगळे भेटतात, आणि ऑनलाइन गेमला सर्व्हर लागतोच, त्यामुळे पोतं घरी आणून उपयोग नाही. एकट्याने खेळायचा, गोष्टीचा, दहा वर्षांनी पुन्हा काढावासा वाटेल असा गेम असेल, तर चार पैसे जास्त गेले तरी मी गॉगवर घेतो. ‘द विचर 3’ दुसऱ्या जातीचा आहे.

त्याने वडिलांशी फोनवर बोलून गॉगवर घेतला. घरी नेट धड नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानातल्या फायबरवर उतरवायला आला, सोबत काकाची जुनी 500 जीबीची डिस्क. सगळे तुकडे उतरल्यावर आम्ही दोघांनी आकार एकेक करून ताडून बघितले. डिस्क देताना मी ती झिपच्या पिशवीत घातली आणि विचारलं, घर कुठं?

“सांगलीवाडी.”

“मग खणात ठेवू नको. माळ्यावर ठेव.”