यामातो ते इव्हान्गेलियन : जपानी सायन्स फिक्शन अ‍ॅनिमे कॅसेटवर आणि डिस्कवर कशी आली

६ ऑक्टोबर १९७४ च्या रविवारी संध्याकाळी साडेसातला जपानी टीव्हीवर 'स्पेस बॅटलशिप यामातो' ही अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात बुडालेली युद्धनौका अंतराळयान होऊन वर उठते आणि किरणोत्सर्गाने होरपळलेली पृथ्वी वाचवायला १ लाख ४८ हजार प्रकाशवर्षांच्या प्रवासाला निघते. हातात मुदत एका वर्षाची. अशी गोष्ट तोवर लहान मुलांच्या वेळेत कुणी सांगितली नव्हती. पण त्याच वेळेला दुसऱ्या चॅनेलवर 'हायडी' होती आणि घरात टीव्ही एकच. घरातल्या सगळ्यांनी हायडी पाहिली. यामातोची ३९ भागांची आखणी २६ भागांवर गुंडाळावी लागली.

त्या काळातल्या बहुतेक सायन्स फिक्शन मालिकांच्या वाट्याला हेच आलं. टीव्हीवरच्या अर्ध्या तासाचे पैसे जाहिरातदार देत आणि यंत्रमानवांच्या मालिकांचा जाहिरातदार म्हणजे खेळण्यांची कंपनी. खेळणी खपली तर मालिका चालायची, नाही खपली तर लेखक-दिग्दर्शक काहीही म्हणोत, शेवटचे भाग कापले जायचे. 'मोबाइल सूट गंडम' ही १९७९ मधली योशियुकी तोमिनो यांची मालिका याच कात्रीत सापडली. त्यांना युद्धाची गोष्ट सांगायची होती, त्यात दोन्ही बाजूंना माणसं होती आणि दोन्हीकडची मरत होती. प्रायोजक क्लोव्हर कंपनीला रंगीत खेळणी विकायची होती. ५२ भाग ठरले होते, ४३ मध्ये आटोपलं.

हुकलेला भाग तेव्हा कायमचा हुकायचा. पुनःप्रक्षेपण कधी होईल ते स्टेशनच्या मर्जीवर. चाहते कॅसेट रेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरसमोर ठेवून नुसता आवाज टिपायचे आणि चित्रं आठवत तो पुन्हा पुन्हा ऐकायचे. कंपन्यांनीही मालिकांचे संवाद आणि संगीत तबकड्यांवर काढून विकलं. फिल्मच्या चौकटी छापलेली पुस्तकं निघाली, १९७८ मध्ये तोकुमा प्रकाशनाचं 'अ‍ॅनिमेज' मासिक आलं. मालिका पुन्हा बघायची सोय नव्हती, म्हणून तिचे तुकडे जमवायचे. व्हिडिओचा बाजार पुढे ज्यावर उभा राहिला ती भूक ही होती, असं मला वाटतं.

पुनःप्रक्षेपणांतूनच यामातोचा प्रेक्षक जमला. ऑगस्ट १९७७ मध्ये मालिकेचे भाग जोडून केलेला चित्रपट आला तेव्हा तरुण मुलं आदल्या रात्रीपासून थिएटरबाहेर रांगेत होती. गंडमच्या बाबतीत हे काम बांदाई या खेळण्यांच्या कंपनीच्या प्लॅस्टिक मॉडेल्सनी केलं. जुलै १९८० मध्ये ३०० येनचं पहिलं मॉडेल दुकानात आलं, तोवर मालिका संपून सहा महिने होत आले होते. त्यानंतर १९८१ आणि १९८२ मध्ये तीन चित्रपट निघाले. टीव्हीवर पडलेली मालिका बाहेर पैसे मिळवू शकते, हे दोनदा सिद्ध झालं होतं.

व्हिडिओ मशीन तोवर घरांत शिरू लागली होती. सोनीचं बीटामॅक्स १९७५ चं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ चं. जेव्हीसीच्या पहिल्या मशीनची किंमत २ लाख ५६ हजार येन, म्हणजे नव्याने नोकरीला लागलेल्या पदवीधराचे दोन पगार ओतूनही ती हाती येत नव्हती. १९८१ मध्ये पायोनियरने जपानात लेसरडिस्क आणली, एलपी तबकडीएवढी मोठी आणि चित्राला कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ. पुढची पंधरा वर्षं अ‍ॅनिमेच्या पक्क्या संग्राहकाची खूण म्हणजे या तबकड्यांची रांग.

डिसेंबर १९८३ मध्ये बांदाईने 'डॅलॉस' बाजारात आणली. चंद्रावरच्या वसाहतीतल्या खाणकामगारांचं बंड, दिग्दर्शक मामोरू ओशी. टीव्हीवर नाही, थिएटरात नाही, थेट कॅसेटवर निघालेली ही पहिली अ‍ॅनिमे. या प्रकाराला पुढे ओव्हीए (ओरिजिनल व्हिडिओ अ‍ॅनिमेशन) असं नाव पडलं. डॅलॉस स्वतः काही फार ग्रेट नाही. कथा अर्धवट वाटते, पात्रं मनात राहत नाहीत. पण तिच्यामुळे जाहिरातदाराशिवाय मालिका काढता येते हे कळलं.

या सगळ्या प्रवासात एक माणूस सतत भेटत राहतो आणि त्याचं नाव मराठीत कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. नोबोरू इशिगुरो. यामातोच्या १९७४ च्या मालिकेचे ते अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक. १९८२ मध्ये 'मॅक्रॉस' या टीव्ही मालिकेचे मुख्य दिग्दर्शक. १९८५ मध्ये त्यांच्याकडे 'मेगाझोन २३' होती. ती मुळात टीव्ही मालिका म्हणून आखलेली, प्रायोजकाने हात काढून घेतल्यावर थेट व्हिडिओवर आणली आणि कॅसेटच्या बाजारात ती जोरात चालली. प्रायोजक गेला तर गोष्ट मरत नाही, हे इशिगुरोंनी स्वतःच्या कामात पाहिलं होतं. 'लीजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज'कडे ते वळले ते हा अनुभव पाठीशी घेऊन.

या मालिकेपाशी जरा थांबायला हवं, कारण व्हिडिओ नसता तर ती निघालीच नसती. योशिकी तानाका यांच्या १० खंडांच्या कादंबरीत दोन आकाशगंगी सत्ता आहेत. एक साम्राज्य आणि एक लोकशाही, आणि लोकशाही आतून कुजत चाललेली. तिकडे राइनहार्ट, इकडे यांग वेन-ली, हा सेनापती खरं तर इतिहासाचा अभ्यासक व्हायला निघालेला. शेकडो पात्रं, लांबलचक राजकीय संवाद, विकण्यासारखा एकही रोबो नाही. खेळण्यांच्या कंपनीने हा कागद पहिल्या पानावरच परत केला असता.

म्हणून निर्मात्यांनी ती टपालाने विकली. डिसेंबर १९८८ पासून वर्गणीदारांच्या घरी दर आठवड्याला एक कॅसेट आणि कॅसेटवर एक भाग. टीव्ही मालिकेची साप्ताहिक लय तीच, फक्त अँटेनाऐवजी पोस्टमन. पहिल्या हंगामाचे २६ भाग असे पोचले, मग २८, ३२ आणि २४. एकूण ११० भाग, शेवटचा १९९७ मध्ये. खर्चाची काटकसर पडद्यावर दिसते. चित्रं बऱ्याचदा स्थिर, माणसं उभी राहून बोलतात. पण आवाजात कुठेही कमी नाही. इतके नामवंत आवाज-कलाकार एका मालिकेत आले की चाहते तिला 'गॅलॅक्टिक व्हॉइस अ‍ॅक्टर लीजंड' म्हणू लागले. पार्श्वसंगीताची गोष्ट तर खास आहे. तोकुमाच्या रेकॉर्ड कंपनीकडे पूर्व जर्मनीतल्या डॉइच शालप्लाटेन या रेकॉर्ड कंपनीची ध्वनिमुद्रणं होती, त्यामुळे माहलर, ब्रुकनर, बेथोव्हेन हाताशी होते. मालिकेआधी फेब्रुवारी १९८८ मध्ये आलेल्या चित्रपटातली मोठी लढाई रावेलच्या 'बोलेरो'वर बसवली आहे. ढोलाचा तोच ठेका, दर फेरीला एक वाद्य वाढतं आणि पडद्यावर जहाजांच्या रांगा फुटत जातात. स्फोटांपेक्षा ठेक्याकडे कान लागतो आणि अंगावर काटा येतो. अंतराळयुद्धाचं याहून चांगलं चित्रण मी तरी पाहिलेलं नाही.

किमतींचं मात्र सांगायला हवं. अर्ध्या-एक तासाची कॅसेट १० हजार येनच्या आसपास, कारण गिऱ्हाईक मुख्यतः भाड्याने देणारी दुकानं आणि हट्टी संग्राहक. १९८८ मध्ये 'पॅटलेबर'ने भाग ४,८०० येनला काढला आणि त्यासाठी कॅसेटवर फुजी फिल्मची जाहिरात घातली. जाहिरातदार मागच्या दाराने परत आला, पण या वेळी कथेत नाक खुपसायला नाही.

अमेरिकेत या मालिका आधी चाहत्यांच्या हातांतून पोचल्या आणि त्यामागे एक तांत्रिक योगायोग होता. जपान आणि अमेरिका, दोन्हीकडे टीव्हीची पद्धत एनटीएससी. टोकियोत टीव्हीवरून टिपलेली कॅसेट लॉस एंजेलिसच्या मशीनवर जशीच्या तशी चालायची. १९७७ मध्ये तिथे अ‍ॅनिमेप्रेमींचा क्लब निघाला, त्यांच्या बैठका अशाच कॅसेटींवर चालत. भाषा कुणाला येत नसे, एखादा जाणकार कथा समजावून द्यायचा. भारतात पाल पद्धत होती. आपल्याकडच्या साध्या व्हीसीआरवर जपानी कॅसेट नीट लागलीच नसती.

अधिकृत वाट वाकडी निघाली. हार्मनी गोल्ड या कंपनीने मॅक्रॉसचे हक्क घेतले आणि १९८४ मध्ये पहिल्या तीन भागांची इंग्रजी कॅसेट काढली. मग टीव्हीचा विचार आला. तिकडे सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायची मालिका किमान ६५ भागांची लागे, मॅक्रॉसचे भाग ३६. निर्माता कार्ल मासेक यांनी आणखी दोन असंबद्ध जपानी मालिका तिला जोडल्या, संवाद नव्याने लिहिले आणि १९८५ मध्ये ८५ भागांची 'रोबोटेक' उभी केली. तीन वेगळ्या युद्धांच्या तीन पिढ्या झाल्या. मूळ मालिका आवडणाऱ्याला हे खुपतंच, मलाही खुपतं. पण अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीला पात्रं खरोखर मरतात अशी कार्टून मालिका पहिल्यांदा रोबोटेकनेच दाखवली, हेही तितकंच खरं.

मूळ रूपातली मालिका हवी असणाऱ्यांनी मग स्वतःच काम हाती घेतलं. अमिगा संगणकाला जेनलॉक हे उपकरण जोडून लेसरडिस्कच्या चित्रावर इंग्रजी ओळी चढवायच्या, व्हीएचएसवर टिपायच्या, आणि कोरी कॅसेट व टपालखर्च पाठवणाऱ्याला प्रत काढून द्यायची. प्रतीची प्रत, तिची प्रत, करता करता रंग उडायचे. अ‍ॅनिमआयगोसारख्या छोट्या कंपन्या चाहत्यांमधूनच निघाल्या. २००१ मध्ये मॅक्रॉसचे ३६ भाग स्वच्छ करून, मूळ आवाजात, डीव्हीडीवर आणले ते याच कंपनीने.

मॅक्रॉसचा पुढचा इतिहास मात्र कोर्टकचेऱ्यांचा आहे. टोकियोच्या न्यायालयांनी २००२-०३ च्या सुमाराला निकाल दिले. पात्रांची आणि यंत्रांची मूळ रेखाटनं बिग वेस्ट ही जाहिरातसंस्था आणि स्टुडिओ न्यू हा डिझाइन स्टुडिओ यांची, मालिकेच्या फिल्मचा हक्क निर्मितीसंस्था तात्सुनोकोचा. तात्सुनोकोकडून परदेशी हक्क हार्मनी गोल्डकडे गेलेले. या गुंत्यात 'मॅक्रॉस ७' आणि 'मॅक्रॉस फ्रंटियर' जपानबाहेर वर्षानुवर्षं अधिकृतपणे निघाल्या नाहीत. समझोता झाला एप्रिल २०२१ मध्ये.

१९९५ ची 'इव्हान्गेलियन' ही या कथेतली मोठी उलथापालथ. हिदेआकी आन्नो यांची ही मालिका टीव्ही टोकियोवर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला लागायची. किंग रेकॉर्ड्सने ती लेसरडिस्क आणि व्हीएचएसवर काढली आणि ती तुफान खपली. घरच्या आवृत्तीत २१ ते २४ हे भाग नव्या दृश्यांसह वाढवलेले आहेत, टीव्हीवर आले त्याहून वेगळे. म्हणजे प्रक्षेपण हा कच्चा खर्डा आणि विकत घेतलेली डिस्क ही पक्की प्रत. १९९७ च्या रात्री उशिराच्या पुनःप्रक्षेपणालाही चांगला प्रेक्षक मिळाला आणि तिथून धंद्याची चाल बदलली. कंपन्यांनी एकत्र येऊन पैसा घालायचा, मध्यरात्रीनंतरची स्वस्त वेळ घ्यायची आणि गुंतवणूक डिस्क विकून वसूल करायची. दोन भागांची एक डिस्क, किंमत पाच-सहा हजार येनच्या पुढेमागे. पूर्वीची खेळणी जशी मालिका जगवायची किंवा मारायची, तसं आता डिस्कचा खप ठरवू लागला.

या किमतींनी परदेशात चमत्कारिक पेच केला. डीव्हीडी कुठे चालणार यासाठी जगाचे विभाग पाडलेले, त्यात जपान २, अमेरिका १, भारत ५, त्यामुळे स्वस्त अमेरिकी डीव्हीडी जपानी प्लेअरवर चालत नसे. ब्लू-रेमध्ये जपान आणि अमेरिका दोघेही ए विभागात आले, भारत सी मध्ये. आता जपानी माणूस अमेरिकेतून स्वस्तात मागवू शकत होता, म्हणून जपानी कंपन्या परदेशी ब्लू-रे उशिरा काढत, नाहीतर महाग ठेवत. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'गंडम युनिकॉर्न'ने उलटा मार्ग धरला. तोच ब्लू-रे, त्यावर इंग्रजी आवाज आणि अनेक भाषांतली सबटायटल्स, आणि विक्री थेट थिएटरातसुद्धा. गॅलॅक्टिक हीरोजचा अमेरिकी ब्लू-रे संच मात्र २०१८ मध्ये मर्यादित प्रतींत आला, सुमारे ८०० डॉलरला.

स्ट्रीमिंग आल्यावर डिस्क घ्यायची कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. जून २०१९ मध्ये इव्हान्गेलियन नेटफ्लिक्सवर आली तेव्हा बऱ्याच देशांतल्या आवृत्तीतून प्रत्येक भागाच्या शेवटी वाजणारं 'फ्लाय मी टू द मून' गायब होतं आणि इंग्रजी आवाजही नवे होते. जुन्या डीव्हीडी ज्यांनी जपल्या त्यांच्याकडे ते गाणं आहे. डिस्कवरसुद्धा सगळं मिळतंच असं नाही. पहिल्या गंडमचा १५ वा भाग, एका बेटावर युद्धातल्या अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या पळालेल्या सैनिकाची गोष्ट, तोमिनो यांच्या इच्छेवरून अमेरिकेतल्या २००१ च्या प्रक्षेपणातून आणि तिथल्या डीव्हीडीतून वगळला होता. चित्रं त्यांना पसंत नव्हती. मूळ मालिकेची पात्रं रेखाटणारे योशिकाझू यासुहिको यांनी त्याच भागावर २०२२ मध्ये अख्खा चित्रपट केला.