स्वमग्नांचा कट्टा

ऑटिझम, म्हणजे इतरांशी संवाद साधण्याची आणि भोवतालचे जग अनुभवण्याची जन्मजात वेगळी रीत. तिच्यासाठी ‘स्वमग्नता’ हा शब्द मराठीत आता चांगलाच रुळला आहे. शब्द ऐकायला छान आहे, पण त्याच्या पोटात एक निष्कर्ष आधीच दडलेला आहे: हा माणूस स्वतःतच मग्न आहे, तेव्हा त्याला इतरांची फारशी गरज नसावी. हा दोष केवळ मराठी प्रतिशब्दाचा नव्हे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास मूळ शब्द घडवला तोच मुळी ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक ‘ऑटोस’वरून, आणि तोही स्किझोफ्रेनिया या वेगळ्याच मानसिक आजाराच्या रुग्णांचे वर्णन करण्यासाठी. पुढे १९४३ मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अमेरिकेतील ११ मुलांवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला आणि तो शब्द या मुलांना कायमचा चिकटला. आज अशी मुले मोठी होऊन महाविद्यालयात आणि नोकरीत येतात, डबा एकटी खातात, आणि आजूबाजूचे लोक गृहीत धरतात की त्यांना तसेच आवडते.

हे गृहीतक तपासून पाहता येते. किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा आपल्या कुत्र्याला घेऊन बागेत बसले असताना दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्यांच्यापाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, समोरून ती पुन्हा त्यांच्याकडे आली, आणि थोडा वेळ तिघांचा खेळ रंगला. मग एकही शब्द न बोलता त्या दोघांनी आपसातच फेकाफेक सुरू केली. ओळख ना पाळख, तरीही ते विल्यम्स यांच्या मनाला लागले. त्या अनुभवातून ‘सायबरबॉल’ हा संगणकावरचा प्रयोग जन्माला आला. त्यात पडद्यावरचे दोन खेळाडू आपल्याला थोडा वेळ चेंडू देतात आणि मग देणेच बंद करतात. लंडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये हा खेळ ऑटिस्टिक किशोरवयीनांना खेळायला दिला, तेव्हा डावलले गेल्यावर वाटणारी चिंता आणि ‘आपण यांच्यातले नाही’ ही बोच त्यांच्यात इतरांइतकीच आढळली. फरक दिसला तो मनःस्थितीच्या नोंदींत. आपलेपणाची भूक असतेच, असा याचा सरळ अर्थ होतो.

मग पानावर वाढले का जात नाही? टेक्सास विद्यापीठातील नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून याचे एक अस्वस्थ करणारे उत्तर मिळते. ऑटिस्टिक आणि इतर प्रौढांच्या बोलण्याचे सुमारे १० सेकंदांचे तुकडे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवले किंवा ऐकवले, आणि या व्यक्तीशी बोलायला, तिच्या शेजारी बसायला आवडेल का, असे विचारले. ऑटिस्टिक व्यक्तींना मिळालेला कौल स्पष्टपणे प्रतिकूल होता, आणि कोण ऑटिस्टिक आहे हे तर कोणालाच सांगितलेले नव्हते. मात्र तेच बोलणे केवळ लिखित स्वरूपात वाचायला दिले, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. म्हणजे नकार विचारांना नव्हता. तो आवाजाच्या चढउताराला, नजरेला आणि हातवाऱ्यांना होता, आणि तो चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत ठरून गेला होता. दोन वर्षांनी त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली: ती व्यक्ती ऑटिस्टिक आहे असे पाहणाऱ्याला आधी सांगितले, तर तिच्याविषयीचे मत सुधारते, आणि ऑटिझमविषयी ज्यांना अधिक माहिती असते त्यांचे मत अधिक अनुकूल असते.

स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये या कोंडीला ‘दुहेरी समानुभूतीचा प्रश्न’ असे नाव दिले. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन वाचता येत नाही, ही तक्रार अर्धीच आहे. इतरांनाही त्याचे मन वाचता येत नाही, फक्त त्यांची संख्या जास्त असल्यामुळे त्यांच्या चुकीला कोणी चूक म्हणत नाही. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. ‘ये ना एकदा घरी’ असे आपण निरोप घेताना सहज म्हणतो, आणि ऐकणाराही ‘हो हो, नक्की’ म्हणून मोकळा होतो. एखादा ऑटिस्टिक तरुण मात्र थांबून विचारतो, ‘कधी? रविवारी किती वाजता?’ आता यात गैरसमज नेमका कोणाचा झाला? त्याने शब्दांवर विश्वास ठेवला, आणि आपण बोललो ते निमंत्रण नव्हतेच, हे त्याने ओळखावे अशी आपली अपेक्षा होती. कॉलेजच्या कट्ट्यावर तर अशा अलिखित संकेतांचा पाऊस पडत असतो: कोणाची खेचायची, कोणता टोमणा प्रेमाचा आणि कोणता खरा, एकाच वेळी चार जण बोलत असताना आपले वाक्य कुठे घुसवायचे.

दोन्ही बाजू ऑटिस्टिक असतील तर काय होते, हे कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या एडिंबरा विद्यापीठातील गटाने कानगोष्टीच्या खेळासारख्या प्रयोगातून पाहिले. ७२ प्रौढांच्या आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट पहिल्यापासून आठव्यापर्यंत पोचवायची होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांनी ती इतरांच्या साखळ्यांइतकीच चांगली पोचवली, आणि गळती अधिक झाली ती मिश्र साखळ्यांत. या निकालाचा बराच गाजावाजा झाला. पुढे ३११ जणांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात, जो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. मला हा दुसरा निकाल अधिक आशादायक वाटतो: माहिती पोचण्यात दोन्हीकडच्या लोकांमध्ये अभेद्य भिंत नसेल, तर अडते ते सूर जुळण्याच्या आणि मनमोकळेपणाच्या पातळीवर, आणि तिथे परिस्थिती बदलणे शक्य असते.

एरवी बदलाचे सगळे ओझे एकाच बाजूवर, म्हणजे ऑटिस्टिक माणसावर, पडते. आपले वेगळेपण लपवण्याच्या या धडपडीला इंग्रजीत मास्किंग म्हणतात, आपण मुखवटा म्हणू: नजरेला नजर देण्याऐवजी समोरच्याच्या भुवयांमध्ये पाहायचे, हसण्याची वेळ इतरांकडून उचलायची, हाताची हालचाल खिशात दाबून ठेवायची. संशोधक लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ९२ ऑटिस्टिक प्रौढांची उत्तरे अभ्यासली, तेव्हा लोकांत मिसळता यावे आणि नाती जुळावीत हीच मुखवट्यामागची मुख्य कारणे निघाली. बदल्यात पदरी पडतो तो कमालीचा थकवा आणि ‘यातला खरा मी कोणता?’ हा प्रश्न. गंमत अशी की मुखवटा यशस्वी झाला तरी आपलेपणा मिळतो तो मुखवट्याला.

याउलट वाट अमेरिकेत जिम सिंक्लेअर हे ऑटिस्टिक कार्यकर्ते आणि त्यांच्या सोबत्यांनी काढली. १९९२ मध्ये त्यांनी ‘ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल’ ही ऑटिस्टिक लोकांची संघटना सुरू केली आणि १९९६च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील एका शिबिरस्थळी ‘ऑट्रीट’ हे ऑटिस्टिक लोकांनीच आखलेले संमेलन भरवले. ब्रिटनमध्ये त्याच धर्तीवर २००५ पासून ‘ऑटस्केप’ भरू लागले. अशा संमेलनांतला सर्वात साधा शोध म्हणजे छातीवरचा रंगीत बिल्ला. लाल असेल तर कोणीही बोलायला येऊ नये. पिवळा असेल तर फक्त आधीच्या ओळखीच्यांनी यावे. पुढे प्रचारात आलेला हिरवा सांगतो की मला बोलायचे आहे, पण सुरुवात करता येत नाही, तुम्ही करा. कट्ट्यावर जे डोळ्यांच्या कोपऱ्यातून ओळखावे लागते, ते इथे कागदाच्या तुकड्यावर उघड वाचता येते. लाल बिल्ला लावलेला माणूसही जेवणाच्या टेबलावर सगळ्यांमध्ये बसू शकतो. गप्प राहूनही तो त्या पंगतीचाच असतो.

तिथेही सगळे सुरळीत चालते असे मानण्याचे कारण नाही, कारण ऑटिस्टिक माणसे एकमेकांसारखी नसतात. एकाला मन शांत ठेवायला सतत गुणगुणावे लागते आणि दुसऱ्याला तोच आवाज कानात सुईसारखा टोचतो. अशा वेळी दोघांपैकी कोणीतरी उठून बाहेर जातो, आणि थोड्या वेळाने परत येतो तेव्हा ‘काय झालं होतं?’ असे त्याला कोणी विचारत नाही.