मीठ शेवटपर्यंत का रेंगाळतं?

आगरवाड्याच्या मिठागरातलं जाड मीठ ३५० ग्रॅम मोजून घेतलं, ते विरघळवून दहा लिटरची बादली काठोकाठ भरली आणि परसातल्या नळाखाली ठेवली. लिटरमागे ३५ ग्रॅम, म्हणजे साधारण समुद्राइतका खार. नळ मिनिटाला एक लिटर सुटेल इतकाच सोडला. जेवढं गोडं पाणी आत येई, तेवढंच मिश्रण काठावरून सांडे.

"मामा, दहा लिटर पाणी, मिनिटाला एक लिटर जातंय, म्हणजे दहा मिनिटांत मीठ साफ!" भाच्याचा हिशेब तयार होता. दहाव्या मिनिटाला त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

चूक अगदी स्वाभाविक आहे. बाहेर पडणारं पाणी दर मिनिटाला तेवढंच असतं, पण त्यातलं मीठ तेवढंच नसतं. पहिला लिटर सांडतो तो जवळपास पूर्ण खारट. पुढचा त्याहून सौम्य, त्यापुढचा आणखी सौम्य. जितकं मीठ उरलंय त्याच्याच प्रमाणात ते बाहेर जातं. चक्रवाढ व्याजाचाच हा हिशेब, फक्त उलटा चालणारा.

मिनिटाला दहावा हिस्सा जातो असं धरलं, तर दहा मिनिटांनी सुमारे १२२ ग्रॅम उरावं. खरा आकडा १२९ ग्रॅम, कारण मिनिटाच्या आतही पाणी क्षणाक्षणाला पातळ होत असतं. हे क्षणाक्षणाचं घटणं मोजायला गणितात २.७१८ ही संख्या आहे, तिला 'ई' म्हणतात. बादलीभर, म्हणजे दहा लिटर, गोडं पाणी आत गेलं की मीठ या संख्येनं भागलं जातं. आणखी एक बादली गेली की पुन्हा भागायचं. निम्मं व्हायला सात मिनिटं पुरतात. पण लिटरमागे अर्ध्या ग्रॅमवर, म्हणजे पिण्याच्या पाण्यात एकूण क्षारांची जी मर्यादा धरतात तिथवर, यायला साडेबेचाळीस मिनिटं आणि तितकेच लिटर पाणी लागतं. हिशेबानं मीठ शून्य कधीच होत नाही.

हे सगळं मी काठीनं ढवळत होतो म्हणून. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. न ढवळता नळ हळूच सोडला तर गोडं पाणी वरच्यावर वाहून जातं आणि खार तळाशी बसून राहतो.

मला सर्वांत आवडलेला भाग पुढचा. तीच बादली नऊ लिटर ओतून टाकून गोड्या पाण्यानं पुन्हा भरली, आणि परत एकदा तसंच केलं, तर मीठ शंभरावा हिस्सा उरतं. पाणी लागलं फक्त १८ लिटर!

आपल्या गोव्याच्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांत, पावसाळ्याच्या तोंडाला हेच चालतं. समजा शेतात ३० सेंटीमीटर खारं पाणी साचलंय. नुसत्या पावसानं वाहवत त्यातला खार सातव्या हिश्शावर आणायला सुमारे ५८ सेंटीमीटर पाऊस हवा. पण भरतीला मानसची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी झडप पाण्याच्या दाबानं आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि साचलेलं पाणी नदीत ओतून टाकते. रिकाम्या शेतात पुन्हा पाऊस भरतो. चिखलातलं मीठ वर येतच राहतं, म्हणून ही भर-ओत पुनःपुन्हा करावी लागते. कोरगूट भात थोडाफार खार सोसतं, त्यामुळे पाणी पिण्याइतकं गोडं व्हायची वाट न पाहता पेरणी उरकता येते.