‘रिकॉल’ केला म्हणजे मेल परत आला का?

सोसायटीच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या ईमेल ग्रुपवर चुकून ‘रिप्लाय ऑल’ दाबलं गेलं की कुणीतरी सुचवतं: “लगेच रिकॉल कर किंवा सेंटमधून डिलीट कर, सगळ्यांकडून जाईल.” व्हॉट्सॲपवर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ असल्यामुळे हे खरं वाटणं अगदी साहजिक आहे. ईमेलचं मात्र तसं नाही.

मेल पाठवला की समोरच्याचा सर्व्हर त्याची स्वतंत्र प्रत ठेवून घेतो. ग्रुपवर शंभर पत्ते असतील तर प्रती शंभर ठिकाणी जातात. ‘सेंट’मधून पुसली जाते ती फक्त आपली प्रत.

मग जीमेलचं ‘अनडू’ काय करतं? ते मेल परत आणत नाही. मुळात मेल 5 ते 30 सेकंद थांबवून ठेवतं, आणि तेवढ्यात आपण तो रद्द करू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल सेवेचं रिकॉल, म्हणजे पाठवलेला मेल परत मागवण्याची सोय, एकाच संस्थेतल्या खात्यांपुरतं चालतं. बाहेरच्या पत्त्यावरचा मेल तिथेच राहतो.

स्वतः पडताळून बघा. एका खात्यावरून दुसऱ्या कंपनीच्या खात्यावर मेल पाठवा, मिनिटभर थांबा, ‘सेंट’मधून पुसा आणि दुसरं खातं उघडा. मेल तिथे असेलच.

जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘अनडू सेंड’ 30 सेकंदांवर नेऊन ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. तरीही चूक झालीच, तर ग्रुपवर दिलगिरीची एक ओळ पुरे. आणि दुसऱ्या कुणाची अशी ओळ आली, तर तिला पुन्हा ‘रिप्लाय ऑल’ने उत्तर देऊ नका.