अलेप्पोच्या शेतातला हॅमस्टर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत हॅमस्टर हा उंदरासारखा छोटा प्राणी आता सहज मिळतो. त्यातला सोनेरी हॅमस्टर मूळचा उत्तर सिरियातील अलेप्पोच्या पठाराचा आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण तुर्कस्तानचा. जगात इतरत्र तो निसर्गात आढळत नाही. १९३० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका शेतात खोल खणून एक मादी आणि तिची ११ पिल्ले मिळवली. काळा आजार या वाळूमाशीमुळे पसरणाऱ्या रोगावरील संशोधनासाठी असे प्राणी हवे होते. त्यांतली मोजकीच पिल्ले जगली, आणि आज जगभर घरोघरी व प्रयोगशाळांत असलेले जवळजवळ सर्व सोनेरी हॅमस्टर त्यांचेच वंशज आहेत. एका बिळातून एवढा वंशविस्तार व्हावा, ही मला विलक्षण गोष्ट वाटते.

तिकडे उन्हाळा कडक व कोरडा, हिवाळा गारठ्याचा. अलेप्पोला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस ठाण्यात एकट्या जुलैत कोसळतो. अशा प्रदेशात हॅमस्टर गहू, हरभरा, मसूर यांच्या शेतांत बीळ खणतो, गालांतल्या पिशव्यांत दाणे भरून आणतो आणि आत साठवतो. प्रत्येक प्रौढ प्राण्याचे बीळ स्वतंत्र असते, म्हणूनच एका पिंजऱ्यात ठेवलेले दोन प्रौढ सोनेरी हॅमस्टर एकमेकांना जखमी करतात. घरात तो रात्री जागतो, पण तुर्कस्तानातील शेतांत केलेल्या निरीक्षणांत माद्या मुख्यतः दिवसाउजेडी बाहेर पडताना दिसल्या.

इतर जाती मंगोलिया आणि सायबेरियाच्या गवताळ प्रदेशांत, गोबीच्या वाळूत, इतकेच नव्हे तर आपल्या लडाखमध्येही राहतात. सोनेरी हॅमस्टर मात्र मूळ भूमीतच दुर्मीळ झाला आहे, कारण पिकांचा शत्रू मानून शेतकरी त्याला विष घालतात.

बिळाची ओढ पिंजऱ्यातही टिकून राहते. स्वित्झर्लंडमधील एका प्रयोगात सोनेरी हॅमस्टरांना १०, ४० आणि ८० सेंटीमीटर जाडीच्या भुशाच्या थरांवर ठेवले, तेव्हा सर्वांत पातळ थरावरचे प्राणी पिंजऱ्याच्या तारा अधिक कुरतडू लागले. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिंजऱ्यांत चार बोटेही भुसा मावत नाही. त्यापेक्षा तळाशी खोल, वर जाळी असलेली मोठी पेटी घ्यावी आणि पावसाळ्यात दमट झालेला भुसा वेळच्या वेळी बदलावा.