हार्डनेक लसूण : थंड प्रदेशातील परसबागेतली लागवड व साठवण

गड्ड्याच्या मधोमध ताठ, टणक दांडा धरणारा लसणाचा प्रकार. शास्त्रीय नाव ॲलियम सटायव्हम, उपप्रकार ऑफिओस्कोरोडॉन. दांड्याभोवती एकाच फेरात साधारण ४ ते १२ मोठ्या पाकळ्या बसतात. बिनदांड्याच्या मऊ मानेच्या लसणात पाकळ्या जास्त, लहान आणि एकावर एक थरांत असतात. त्याच्या मऊ पातीच्या वेण्या घालता येतात, हार्डनेकच्या येत नाहीत. लसणाचे मूळ घर मध्य आशियातील तिएन शानच्या डोंगराळ पट्ट्यात मानतात आणि हार्डनेक आपल्या रानटी पूर्वजांच्या अधिक जवळचा आहे. रोकाम्बोल, पोर्सेलिन आणि पर्पल स्ट्राइप हे त्याचे मुख्य गट. चवीत रोकाम्बोलला मानणारे पुष्कळ आहेत, पण टिकण्यात तो सगळ्यांत कच्चा.

कडाक्याची थंडी हा लसूण नुसती सोसत नाही, त्याला ती लागतेच. लावलेल्या पाकळीला ० ते १० अंश सेल्सिअसच्या दरम्यान काही आठवडे काढावे लागतात. पुढे दिवस लांबले आणि माती तापली की गड्डा फुगून पाकळ्यांत विभागतो. थंडी पुरेशी मिळाली नाही, तर जमिनीतून पाकळ्या न फुटलेला एकच गोल कंद निघतो. वसंतात उशिरा लावलेल्या वाफ्यात असे गोळे हमखास सापडतात. ते खायला चांगले असतात आणि हिवाळ्यापूर्वी पुन्हा लावले तर पुढच्या वर्षी पाकळ्यांचा गड्डाही देतात.

म्हणून लागवड हिवाळ्याच्या तोंडावर, जमीन गोठायच्या ४ ते ६ आठवडे आधी करतात. एवढ्या अवधीत पाकळीने मुळे धरावीत, पण पात फारशी वर काढू नये, असा हिशेब असतो. फार लवकर लावले तर कोवळी पात बर्फात सापडते; फार उशीर झाला तर मुळेच धरत नाहीत. जमीन भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी आणि ६ ते ७ सामूची (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) असावी. साचलेले पाणी लसणाला थंडीपेक्षा जास्त मारते. लावायच्या वेळीच गड्डा फोडावा, पाकळीवरचा पापुद्रा राहू द्यावा आणि सर्वांत मोठ्या पाकळ्या बेण्याला ठेवाव्यात. मोठे गड्डे स्वयंपाकघरात नेऊन उरलेसुरले लावणाऱ्याचा लसूण बारीक होत जातो. पाकळीचे टोक वर आणि बूड खाली ठेवून ती ५ ते ८ सेंटिमीटर खोल पुरतात. दोन पाकळ्यांत सुमारे १५ सेंटिमीटर अंतर असते.

वरून १० ते १५ सेंटिमीटर पेंढ्याचे आच्छादन घालतात. त्याचे मुख्य काम ऊब देणे नव्हे. माती आलटून पालटून गोठते आणि वितळते तेव्हा ती फुगून वर येते, पाकळीलाही वर ढकलते आणि मुळे तुटतात. आच्छादनामुळे हे हेलकावे कमी होतात. झाडांची मोठी पाने न चुरता घातली तर ओली होऊन त्यांचा थापा बसतो आणि कोंब खाली अडकतात, पेंढाच बरा.

बर्फ वितळताच पात वर येते. नत्र द्यायचे ते याच वेळी. गड्डा भरू लागल्यावर दिले तर पात माजते आणि काढणी लांबते. लसणाची मुळे उथळ असल्याने तण त्याला लगेच दाबते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, निघतात आणि त्यांना वेटोळे पडते. तेव्हाच ते खुडावेत. ठेवले तर झाड आपली ताकद वरच्या बारीक कंदांवर खर्च करते आणि खालचा गड्डा लहान राहतो. खुडलेले कोवळे डेंगळे भाजीत चांगले लागतात.

काढणीची वेळ ओळखणे हे यातले सर्वांत अवघड काम, कारण कांद्यासारखी मान पडण्याची खूण इथे नाही. खालची काही पाने वाळून वरची निम्मी हिरवी असताना एखादा गड्डा उकरून पाहावा. प्रत्येक हिरव्या पानामागे गड्ड्यावर एक शाबूत पापुद्रा असतो. सगळी पात वाळेपर्यंत थांबले तर पापुद्रे मातीतच कुजतात, पाकळ्या सुट्या होतात आणि असा लसूण टिकत नाही. गड्डे उपटू नयेत, खालून मोकळे करून उचलावेत. धुवूही नयेत. पातीसकट सावलीत, खेळत्या हवेत २ ते ४ आठवडे वाळवून मग दांडा आणि मुळे छाटतात.

वाढीला हवी असलेली थंडी साठवणीत मात्र घात करते. ४ ते १० अंशांत लसणाला सर्वांत लवकर कोंब फुटतात, म्हणजे घरचा फ्रिज त्याला वाईट जागा. ० अंशाच्या आसपास आणि ६० ते ७० टक्के आर्द्रतेत तो सर्वाधिक टिकतो, पण घरी हे क्वचितच जमते. त्यापेक्षा १५ अंशांच्या आसपासची कोरडी, अंधारी, हवेशीर खोली आणि जाळीची पिशवी पुरते. अशा ठेवणीत रोकाम्बोल चारेक महिन्यांत सुरकुतू लागतो. पोर्सेलिन सहा महिने किंवा त्याहूनही जास्त निघतो. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि लसणात आम्ल कमी असते, त्यामुळे बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू विष तयार करतात. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे अशा लसणामुळे तीसहून अधिक लोक आजारी पडले होते.

बेणे घरचेच वापरले तर रोगही घरचेच होतात. पांढरी कूज ही बुरशी मातीत २० वर्षांहून अधिक काळ तग धरते. एकदा आली की त्या वाफ्यात लसूण-कांदा लावणे संपले. खोडाच्या सूत्रकृमीही बेण्यातूनच येतात. डेंगळ्यावरच्या बारीक कंदांना मातीचा स्पर्श झालेला नसतो, म्हणून ते लावून स्वच्छ बेणे तयार करता येते. त्यातून पुऱ्या आकाराचा गड्डा मिळायला दोन-तीन वर्षे जातात आणि झाडात आधीच असलेले विषाणू त्यातूनही पुढे जातात.