मराठी फाइलची अक्षरं लिब्रेऑफिस बिघडवतं का?

‘वर्डसारखंच काम करणाऱ्या फुकटच्या लिब्रेऑफिसमध्ये मराठी फाइल उघडली की अक्षरांचा कचरा होतो, आईबाबांच्या कॉम्प्युटरवर ते टाकू नका’ हा समज बरीच वर्षं फिरतो आहे. कचरा दिसतो हे खरंच आहे, आणि तो पाहून घाबरायला होणं साहजिक. कारण मात्र वेगळं आहे.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी आजची पद्धत, रुळण्याआधी मराठी टाइप व्हायचं ते कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. म्हणजे फाइलमध्ये साठतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. डोळ्यांना मराठी दिसतं ते फॉन्टमुळे. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसेल, तर आतलं इंग्रजी उघडं पडतं.

पडताळा जुन्याच कॉम्प्युटरवर घ्या. बाबांच्या सोसायटीच्या पत्रातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथेही कचरा दिसला, तर लिब्रेऑफिसचा काहीच संबंध नाही. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर विकतचं वर्डही तेच दाखवेल.

मग तोच फॉन्ट नव्या मशीनवर टाका. फॉन्टची टीटीएफ फाइल विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असली तरी चालते. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं त्याहून चांगलं, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, आणि मूळ फाइल जपून ठेवा.

खरी अडचण बोटांची असते. टाइपरायटरच्या मांडणीवर आयुष्य गेलेल्या माणसाला इन्स्क्रिप्ट ही युनिकोडमध्ये टाइप करायची कीबोर्ड मांडणी शिकायला वेळ लागतो. तो वेळ त्यांना द्या.